पडता डाव

मंगल कार्यालयात लग्न नसलं की बुद्धिबळ असतं. शनिवार-रविवारच्या स्पर्धा पुण्या-ठाण्याकडे बऱ्याचदा अशाच जागी भरतात. लांबच लांब टेबलं, त्यांवर गुंडाळी उलगडलेले पट, डिजिटल घड्याळं, आणि दाराबाहेर डबे सांभाळत बसलेले पालक. 2025 साली नागपूरच्या दिव्या देशमुखनं बातुमीत हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून या पालकांच्या गप्पांत तिचं नाव निघतंच. जोड्यांचा कागद भिंतीवर लागला की झुंबड उडते, आणि चाळिशी उलटलेल्या माझ्या नावासमोर पाचवीतल्या कुणाचं तरी नाव असतं.

ही पोरं हल्ला देखणा करतात. सिसिलियनच्या दहा-बारा चाली घड्याळाकडे न बघता धडाधड पडतात. पाठांतर आणि वेग यांत आपण त्यांच्याशी बरोबरी करू, असं समजणाऱ्या हौशी खेळाडूची मला काळजी वाटते. मी स्वतः मामाकडून शिकलो ते देशी बुद्धिबळ. त्यात प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जात नसे आणि कॅसलिंगऐवजी राजाला एकदाच घोड्याची उडी मिळे. अशा माणसानं ओपनिंगची पुस्तकं किती घोकायची? आपल्या वयाला साजेसं कसब एकच आहे: पडता डाव धरून ठेवणं. ते शिकवायला कुणी उत्सुक नसतं, कारण त्यात टाळ्या नाहीत.

स्विस पद्धतही याच गुणाची परीक्षा घेते. 1895 साली झुरिकमध्ये ती पहिल्यांदा वापरली गेली. हरलेला बाहेर जात नाही, साधारण त्याच्याइतक्याच गुणांच्या दुसऱ्या कुणासमोर तो पुढच्या फेरीत बसतो. पंधरा मिनिटं आणि दर चालीला दहा सेकंद, असा वेळ असला की सकाळी मार खाल्लेला माणूस चहा संपायच्या आत पुन्हा पटावर असतो. उरलेल्या फेऱ्या तो कसा खेळतो, यावरून मी त्याची पारख करतो. पहिल्या बोर्डवर काय चाललंय ते बघायला मी क्वचितच जातो.

परवाच्या स्पर्धेत एका चष्मेवाल्या मुलानं माझं एक प्यादं मटकावलं आणि डाव हत्तीच्या अंतिम भागात नेला. त्याच्याकडे राजा, हत्ती, प्यादं. माझ्याकडे राजा आणि हत्ती. नवखा इथं हात जोडतो. पण फिलिदोर नावाच्या फ्रेंच माणसानं (तो ऑपेरांचा संगीतकारही होता) अठराव्या शतकातच यातली वाट दाखवून ठेवली आहे. पांढऱ्याचं प्यादं पाचव्या ओळीत आहे तोवर काळ्यानं आपला राजा प्याद्याच्या वाटेत ठेवायचा आणि हत्ती सहाव्या ओळीवर आडवा फिरवायचा, म्हणजे पांढऱ्या राजाला पुढं सरकता येत नाही. प्यादं सहाव्या ओळीत आलं, की त्याच क्षणी हत्ती थेट पहिल्या ओळीत न्यायचा आणि मागून शह देत सुटायचं. राजाला आडोसा घ्यायला जे घर होतं, ते आता त्याच्याच प्याद्यानं अडवलेलं असतं.

मी हत्ती डावीकडे नेला, उजवीकडे आणला, पुन्हा डावीकडे. घड्याळात चाळीसेक सेकंद होते, पण दर चालीला दहांची भर पडत होती. मुलगा आधी माझ्याकडे, मग छताकडे, मग शेजारच्या बोर्डकडे बघायला लागला. प्यादं न हलवता आणि काही न मारता दोघांच्या पन्नास-पन्नास चाली झाल्या तर मला बरोबरी मागता येते, हे त्याला ठाऊक असावं. शेवटी त्यानं प्यादं ढकललं. माझा हत्ती खाली गेला. शह. शह. शह.

"काका, ड्रॉ?"

हात मिळवून तो पळाला. दाराशी आईनं विचारलं, तर म्हणाला, "जिंकत होतो गं, पण काका सोडतच नव्हते." इतकी मनापासूनची दाद मला कुठल्या करंडकासोबतही मिळालेली नाही.

मानांकनात मात्र तो माझ्यापेक्षा सव्वाशे गुणांनी खाली होता. तेवढ्या फरकाला माझ्याकडून 0.67 गुणांची अपेक्षा धरतात आणि मिळाला अर्धा. रॅपिडमध्ये त्या तफावतीला 20 नं गुणायचं, म्हणजे या बरोबरीपायी माझे 3.4 गुण गेले. पुढच्या फेरीचा कागद लागला होता. समोर सहावीतली मुलगी, आणि मोहरे पुन्हा काळे.