जमिनीवर बसणारा ड्रमर

शुक्रवारी रात्री पुण्याहून निघायचं, शनिवारी पहाटे राजारामपुरीत हजर व्हायचं आणि रविवारी दुपारी परत, हा आपला महिन्यातून एकदाचा ठरलेला कार्यक्रम. ह्या वेळी बॅगेत लॅपटॉपच्या जोडीला ड्रमचं प्रॅक्टिस पॅड होतं. पॅड म्हणजे रबराची थाळीच म्हणा ना. त्यावर काठ्यांनी बडवत बसायचं, शेजाऱ्यांना त्रास नाही. (गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बी ऐकून तयार झालेल्या आमच्या शेजाऱ्यांना माझ्या काठ्यांचा कसला आलाय त्रास! पण असो.)

पॅड आणायला कारण त्रिलोक गुर्टू. ऑफिसातल्या एका मित्राने जॉन मॅक्लॉफ्लिनच्या त्रिकुटाचा अल्बम ऐकायला लावला. १९८९ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये रेकॉर्ड झालेला. गिटार, बेस आणि हा आपला मुंबईचा माणूस. ऐकून झाल्यावर त्याचे व्हिडिओ शोधले आणि रात्रीचे दोन वाजले.

ड्रमर म्हटलं की काय डोळ्यासमोर येतं? स्टुलावर बसलेला, केस उडवणारा, ढोलांच्या मागे अर्धा झाकलेला गडी. हा बाबा चक्क खाली! एक गुडघा टेकून, जमिनीलगत. समोर ड्रम आणि सिंबल, हाताशी तबला, आणि बाजूला पाण्याची बादली. हो, बादलीच. वाजवता वाजवता तो शिंपल्यांची माळ किंवा धातूची थाळी त्या पाण्यात बुडवतो आणि घुमणारा सूर वाकत वाकत खाली उतरतो. पहिल्यांदा मला हसू आलं. दुसऱ्यांदा हेडफोन लावून ऐकलं, मग नाही आलं.

त्याची एक गोष्ट मला फार आवडते. त्रिलोकचा जन्म १९५१ चा, मुंबईतला. आधी तबला शिकला, मग पाश्चात्त्य संगीताचं वेड लागलं. स्टुडिओत एकावर एक ट्रॅक चढवून रेकॉर्डिंग करतात हे त्याला तेव्हा ठाऊकच नव्हतं, असं त्यानेच पुढे एका कार्यक्रमात सांगितलं. त्यामुळे एका माणसाच्या वाट्याला कधीच न येणारे भाग त्याने बसवायचा प्रयत्न केला. आमच्याकडे नवीन पोरगं एखादा प्रचंड प्रोजेक्ट उघडतं आणि त्याला वाटतं की हे सगळं एकाच माणसाने लिहिलंय, मग तेही तसं लिहायला बसतं. बहुतेक जण आठवड्याभरात शहाणे होतात. हा झाला नाही, नशीब आपलं.

सत्तरच्या दशकात तो युरोपात पोचला. डॉन चेरी, चार्ली मारियानो अशा जॅझवाल्यांबरोबर वाजवलं. १९७७ मध्ये एम्ब्रियो ह्या जर्मन रॉक बँडच्या 'अपो-कॅलिप्सो' अल्बमवर तो आहे. पुढे १९८४ मध्ये ओरेगॉन ह्या गटाचा कॉलिन वॉलकॉट अपघातात गेला, त्याच्या जागी हा आला. मग मॅक्लॉफ्लिन. नव्वदच्या दशकात 'डाउनबीट' मासिकाच्या समीक्षकांनी त्याला एकापेक्षा जास्त वेळा सर्वोत्तम तालवादक ठरवलं.

पण त्या एम्ब्रियोच्या अल्बमवर आणखी एक आवाज आहे. त्याच्या आईचा. आई म्हणजे शोभा गुर्टू. ठुमरी-दादऱ्याच्या शोभा गुर्टू! जर्मन रॉक बँडमध्ये! १९८८ ला त्रिलोकचा स्वतःचा पहिला अल्बम आला, 'उसफ्रेट', त्यातही त्या गायल्यात.

इथे मला माझं एक जुनं वाक्य टोचायला लागलं. आमच्या घरी पुढच्या खोलीत आई गाण्याचे क्लास घेते. मी तिच्याबरोबर तबला वाजवायचो, मध्यमा प्रथमपर्यंत परीक्षाही दिल्या. इंजिनिअरिंगला गेल्यावर कॉलेजच्या बँडमध्ये ड्रमवर बसलो आणि एका सुट्टीत तिला ऐकवलं, "तबल्यामुळं माझा हात बिघडलाय, आता नको." ती काही बोलली नाही. पुढच्या महिन्यात घरात तबला मशीन आलं. नऊ वर्षं झाली, अजून तेच वाजतंय. लय कधी चुकत नाही त्याची, आणि आई थांबली तरी थांबत नाही.

शनिवारी दुपारी क्लास नव्हता. मी 'उसफ्रेट' लावलं, हेडफोन न लावता. मुद्दाम. दोन मिनिटांत आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

"ह्या शोभाताई ना?"

"हो. ओळखलंस?"

"न ओळखायला काय झालं? अरे, त्यांचं शिक्षण आपल्या कोल्हापुरातलं. भुर्जी खाँसाहेबांकडं."

मला हे माहीत नव्हतं. राजारामपुरीत वाढलो आणि हे माहीत नाही! नंतर वाचलं. शोभाताईंचा जन्म १९२५ चा, बेळगावचा. त्यांच्या आई मेनकाबाई शिरोडकर शाहू महाराजांचे दरबारी गायक अल्लादियाँ खाँ ह्यांच्याकडे शिकलेल्या, आणि भुर्जी खाँ हे अल्लादियाँ खाँचे चिरंजीव. म्हणजे त्या लंडनच्या बादलीतल्या पाण्याला थोडंफार पंचगंगेचं नातं आहे तर.

आई खुर्चीच्या कडेवर टेकून ऐकत राहिली. मग म्हणाली, "मागं कोण वाजवालंय रे?"

"त्यांचा मुलगा. ड्रमर आहे."

"तबला सोडला काय त्यानं?"

"नाही."

एवढंच. ती परत आत गेली. मी पॅड उचललं, स्टूल बाजूला सारलं आणि सतरंजीवर मांडी घालून दादरा धरून बघितला. काठ्यांनी दादरा म्हणजे भाकरीला चमच्याने थापण्याचा प्रकार. काठ्या ठेवून बोटांनी वाजवला तर निदान धा ना ओळखू यायला लागले, पण तिसऱ्या आवर्तनात लय पळाली.

संध्याकाळी माळ्यावर चढून तबल्याची जोडी खाली काढली. नऊ वर्षांची धूळ. तबला ठीक होता, हातोडीने गठ्ठे ठोकल्यावर आईच्या सुराला बऱ्यापैकी लागला. डग्ग्याची पुडी मात्र उंदराने कडेला कुरतडलेली. रविवारी सकाळी डग्गा गाडीवर पुढ्यात धरून दुरुस्तीला टाकून आलो. दुकानदाराने उलटसुलट करून बघितला, आधी मला झापलं आणि मग पुढच्या शनिवारी या म्हणाला.

म्हणजे ह्या वेळी महिन्यातून दोनदा कोल्हापूर. मॅनेजरला अजून सांगायचंय.