जंजिऱ्यातलं नानीचं घर

फजरची नमाज पढून आम्ही पुण्याहून निघालो आणि ताम्हिणी घाट उतरून राजपुरी गाठली. होडीत सर्वांना एकच माहिती घाईघाईत ऐकवतात, म्हणून अब्बांनी आमच्यापुरते गावातले एक बुजुर्ग चाचा सोबत घेतले. शिडाची होडी अगदी जवळ गेली तेव्हा कुठे दरवाजा दिसला.

चाचा सांगू लागले, "जंजिरा म्हणजे अरबी जझीरा, बेट. आफ्रिकेतून आलेल्या सिद्द्यांनी तो शेवटपर्यंत राखला." कलालबांगडी तोफ आणि भर खाऱ्या समुद्रात गोड्या पाण्याचे तलाव पाहून मुलं हरखली. मग चाचा एका पडक्या जोत्यापाशी थांबले. "हे माझ्या नानीचं घर. 1948 साली संस्थान विलीन झालं, रोजगार गेला, वस्ती उठली."

ओसाड मशिदीपाशी आम्ही सगळेच गप्प झालो. परतल्यावर राजपुरीत जोहर पढली, खोकरीच्या मकबऱ्यांवर फातिहा पढली.

आमचा भवानी पेठेतला जुना वाडाही आता पाडायचा आहे. घरी पोचल्यावर त्याच रात्री अम्मींनी मुलांना एकेक खोली दाखवली. कोण कुठे जन्मलं, कुणाचा जनाजा कुठून निघाला, सगळं सांगितलं.