गाडीचे औषध

कला शाखेच्या विद्यार्थिनीने मोटारीच्या इंजिनावर लिहावे याचे कुणालाही नवल वाटेल. मलाही वाटते. पण गेल्या वर्षभरात एका लहानशा बाटलीचा मी जितका विचार केला तितका अभ्यासक्रमातल्या कुठल्याच पुस्तकाचा केला नाही, हे प्राध्यापकांची क्षमा मागून कबूल करते.

आमचे गाव पाटणजवळ. आजीला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी कराडला न्यावे लागते. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. अण्णांचे आयुष्य एस.टी.च्या चालकाच्या सीटवर गेले. निवृत्त झाल्यावर २०२३ मध्ये त्यांनी एक जुनी पेट्रोल गाडी घेतली ती याच कामासाठी. २०११ सालची ती गाडी आधीच्या मालकाकडे वर्षभर चिंचेखाली उभी होती, म्हणून स्वस्तात मिळाली. मात्र उभ्या जागी ती थरथरायची आणि चढाला झटके द्यायची. मिस्त्री लोकांच्या भाषेत, मिसिंग मारायची.

पेट्रोल पंपावरच्या मुलाने अण्णांच्या हातात साडेतीनशे रुपयांची बाटली ठेवली. “काका, इंजेक्टर चोकअप झालेत. ही टाकीत ओता आणि वरून टाकी फुल्ल करा.” अण्णांनी ओतली. टाकी संपता संपता थरथर खरोखरच कमी झाली. तेव्हापासून दर टाकीला एक बाटली असा नेम सुरू झाला. आजीचाही त्यावर विश्वास बसला. गाडीत बसण्यापूर्वी ती विचारी, “औशद घातलंस का रं तिला? माझं रगत धुत्यात, तशी तिची बी आतडी धुवाय पायजेत.”

अण्णांच्या तुटपुंज्या पेन्शनीतून महिन्याला एक, कधी दोन बाटल्या जात. मला ते डाचे. त्याच सुमारास तर्कशास्त्राच्या तासाला सरांनी काकतालीय न्याय शिकवला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याने फांदी मोडली असे ठरत नाही. मी मोठ्या उत्साहाने हे अण्णांना ऐकवले. ते म्हणाले, “फांदी मोडली न्हवं? मग झालं.” माझे तर्कशास्त्र तिथेच गार पडले.

२०२४ च्या पावसाळ्यातली एक संध्याकाळ मी विसरणार नाही. कराडहून परतताना मल्हारपेठच्या अलीकडे गाडीने दोन-तीन झटके दिले आणि ती बंद पडली. डायलिसिसनंतर आजीच्या अंगात बसण्याचेही त्राण नसते. ती मागच्या सीटवर डोळे मिटून पडली होती. अण्णांनी डिकीतून राखीव बाटली काढली आणि भर पावसात टाकीत रिकामी केली. ज्या हातांनी तीस वर्षे एस.टी. घाटात चालवली ते हात थरथरताना मी प्रथमच पाहिले. गाडी सुरू झाली नाही. अखेर एका टेंपोवाल्याने आम्हाला घरी पोचवले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी बॉनेट उघडले. एका कॉइलला तडा गेला होता आणि तिच्याखालचा प्लग काळाठिक्कर पडला होता. “हे ठिणगीचं दुखणं हाय, पेट्रोलचं न्हवं. टाकीत अमृत ओतलं तरी तितवर पोचत न्हाई,” ते म्हणाले. अण्णांच्या आग्रहावरून त्यांनी इंजेक्टरही काढून तपासणीच्या यंत्रावर लावले. चार काचेच्या नळ्यांत चार धुकट फवारे उतरले आणि चारही नळ्या समान पातळीला भरत गेल्या. इंजेक्टर स्वच्छ होते. अण्णांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. “बघ, बाटलीनंच.” मी गप्प राहिले, कारण ते बाटलीने स्वच्छ झाले की मुळात स्वच्छच होते, हे आता कोणीच सांगू शकत नव्हते.

मग मात्र मी चिकाटीने वाचले आणि मिस्त्रींना विचारून घेतले. इंजेक्टर म्हणजे पेट्रोलचे तुषार उडवणारी बारीक तोटी. इंजिन बंद केल्यावर उरलेल्या उष्णतेने तिच्या टोकावरचे पेट्रोल भाजते आणि थर बसतो. जवळच्या फेऱ्या करून पुन:पुन्हा बंद होणाऱ्या गाडीत तो अधिक बसतो. थर जाड झाला की तुषारांऐवजी धार पडू लागते. चांगल्या बाटलीत पॉलिइथर अमाइन नावाचे द्रव्य असते. त्याचे एक टोक मळाला धरते आणि दुसरे पेट्रोलमध्ये मिसळते. साबणाची रीत हीच. म्हणजे बाटली ही निव्वळ लबाडी नव्हे. अमेरिकेत तर १९९५ पासून सर्वच पेट्रोलमध्ये असा क्षालक मिसळण्याचा कायदा आहे, आणि आपल्याकडेही तेल कंपन्यांच्या महागड्या पेट्रोलमध्ये तो असतो.

पण साबण जिथे पोचेल तिथलाच मळ निघणार. काही नव्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडते, हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हच्या पाठीवरून जातच नाही. तिथली काजळी टाकीतल्या कोणत्याही बाटलीने धुतली जात नाही. आमची गाडी त्या जातीची नाही. पण तिची कॉइल मात्र पेट्रोलच्या वाटेवर नव्हतीच.

त्यानंतर मी एक वही घातली. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर लिहायचे, पुन्हा काठोकाठ भरायची. तीन टाक्या बाटलीसह आणि तीन बाटलीविना, असे अण्णांनी कुरकुरत कबूल केले. बाटलीसह लिटरला १४.८, १५.३ आणि १४.९ किलोमीटर पडले, बाटलीविना १५.१, १४.७ आणि १५.२. एखाद्या दिवशी बाजाराच्या गर्दीत अडकलो तरी एवढा फरक पडतो. सहा टाक्यांची वही म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे. पण आमच्या घरापुरता निकाल तिने दिला.

आता कोणी विचारले तर मी सांगेन : गाडी बराच काळ उभी राहिली असेल, थरथरत असेल, तर प्लग-कॉइल तपासून घ्यावे आणि इंजेक्टर काढण्याच्या खर्चात पडण्यापूर्वी एक चांगली बाटली सांगितलेल्या मापाने वापरून पाहावी. गुण आला तर उत्तम, नाही आला तर दुसरी घेऊ नये. आणि सुरळीत चालणाऱ्या गाडीत दर महिन्याला ओतली जाते ती बाटली नव्हे, ती आपली भीती असते. अण्णांची भीती कोणती होती, हे मला त्या पावसात कळले. तर्कशास्त्राच्या तासाला मी ज्याला नुसता तर्कदोष समजत होते, तो आईला वेळेवर पोचवू न शकण्याचा धसका होता.

परवा गाडीत बसताना आजीने सवयीने विचारले, “औशद घातलंस का रं?”

अण्णा क्षणभर थांबले. मग म्हणाले, “आता नगं तिला, आई. तिचं तिला धुतलं जातंय.”

आजीने गाडीच्या दारावरून हात फिरवला. “नशीबवान हाय,” ती म्हणाली, आणि आत बसली.