गिरणी मंजूर, कट्टा नामंजूर

माणदेशातल्या आमच्या तालुक्यात एक विनोद चालतो. दिव्यांगाला सरकार तीनच धंदे करू देतं: शिलाई मशीन, झेरॉक्स, नाहीतर पिठाची गिरणी. जिल्हा परिषद स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी बाजूला काढते, योजनांची जाहिरात निघते, आणि वस्तूंची यादी फिरून फिरून हीच. एका वर्षी शेजारच्या गावात तिघांना झेरॉक्स मशीन मंजूर झाली. त्या गावात शाळा चौथीपर्यंत, तलाठी आला तर आठवड्यातून एकदा. झेरॉक्स काढायची तरी कशाची?

मी गिरणी मागितली. डाव्या पायाला पोलिओ, प्रमाणपत्रावर 55 टक्के, म्हणजे 40 च्या अटीत आरामात बसते. शिक्षण बारावी. नोकरीचं सगळं करून झालं होतं. सरकारी नोकरीतल्या राखीव जागा 2016 च्या कायद्यानं तीनच्या चार टक्के झाल्या, पण त्यातला एक टक्का दृष्टिहीनांचा, एक कर्णबधिरांचा, एक आम्हा पायानं-हातानं अधू असलेल्यांचा आणि राहिलेला एक बाकी सगळ्यांत मिळून. आमच्या एका टक्क्यावर पदवीधरांची रांग असते, बारावीला कोण विचारतो! एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मुलाखतीला बोलावलं होतं. पॅकिंगचं काम, बसून करायचं. साहेबांनी आधी पाय पाहिला, मग अर्ज, आणि म्हणाले, ‘ताई, जेवणाची खोली वरच्या मजल्यावर आहे, तुमचे हाल होतील.’ मी डबा खालीच खाल्ला असता. त्याच कायद्यात असंही म्हटलंय की ज्या मालकाकडे कामगारांत निदान 5 टक्के दिव्यांग असतील, त्याला सरकारनं प्रोत्साहन द्यावं. फक्त पुढे शब्द जोडलेत, सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. आमच्या भागातल्या एकाही मालकाच्या तोंडून हे कलम मी अजून ऐकलेलं नाही.

तर गिरणी. यादीत नाव लागलं, पेढे वाटून झाले आणि पूर्वसंमतीचं पत्र हातात आलं. त्यात लिहिलं होतं की आयएसआय मार्कची, दोन हॉर्सपॉवरची गिरणी महिन्याभरात स्वतः खरेदी करावी, जीएसटीचं पक्कं बिल आणि गिरणीसोबतचा स्वतःचा फोटो सादर करावा, तपासणीनंतर रक्कम खात्यात जमा होईल. 2016 च्या डिसेंबरात राज्य सरकारनं ठरवलं की वस्तू वाटण्याऐवजी पैसे थेट लाभार्थ्याच्या खात्यात द्यायचे. हेतू वाईट नव्हता. आधी ठेकेदार पुरवायचा त्या शिलाई मशीन पहिल्या पावसाळ्यात गंजायच्या, ते आमच्या गल्लीनं डोळ्यांनी पाहिलंय. आता दुकान आपलं, निवड आपली. पण ज्याच्याकडे गिरणी घ्यायला पैसे नाहीत म्हणून अनुदान द्यायचं, त्यानं आधी गिरणी विकत घेऊन दाखवायची, हा हिशोब ज्यानं बसवला त्याला एकदा भेटायचंय मला.

वीस हजारांच्या आसपास रक्कम होती. बचत गटातून अर्धी काढली, अर्धी मामांनी दिली. मामा व्याज घेत नाहीत, पण दर सणाला आठवण करून देतात, ते एक प्रकारचं व्याजच. गटाचा दर शेकडा दोन रुपये महिना. ज्वारीची सुगी येऊन गेली तरी खात्यात काही जमा झालं नव्हतं. कधी तपासणीचे साहेब रजेवर, कधी फोटोत गिरणीचा नंबर दिसत नाही म्हणून फोटो परत. मग मार्च एंड आला आणि चार दिवसांत सगळं पार पडलं. ज्या कागदांवर इतके महिने शंका होत्या, त्याच कागदांवर.

गिरणी ओसरीत बसवली त्या दिवशी खरी अडचण कळली. माझं चालणं असं आहे की डावं पाऊल टाकताना डाव्या हातानं मांडी दाबावी लागते, नाहीतर गुडघा आत दुमडतो. म्हणजे चालताना माझा एकच हात मोकळा. आणि गिरणीत दळण ओतायचं तोंड माझ्या छातीच्या उंचीवर. दोन पायली ज्वारीचा डबा उचलायचा, दोन पावलं टाकायची आणि छातीच्या वर नेऊन ओतायचा. याला दोन्ही हात लागतात, दोन्ही पायही. गिऱ्हाईक स्वतः ओतायचं सुरुवातीला, नव्याचे नऊ दिवस. पण दुपारी डबा ठेवून शेतावर जाणारी बाई म्हणते, ‘येताना नेते गं.’ तिला काय सांगणार, आधी दळण ओतून जा? मग ती वेशीजवळच्या मोठ्या गिरणीत जाते.

उपाय गवंडीकाकांनी काढला. गिरणीच्या बाजूला विटांचा कट्टा घातला, त्यावर मी बसायची, दळणाचं तोंड मांडीच्या रेषेत. कट्ट्याला दोन बुटक्या पायऱ्या आणि कडेला पाण्याच्या लायनीचा जुना पाइप, धरून चढायला. गिऱ्हाइकानं डबा कट्ट्यावर ठेवायचा, मी बसल्या जागी मापट्यानं ओतते. वेळ लागतो, पण दळण सांडत नाही. पीठ पडतं तो डबा सरकवायला चाकाची पाटी, तीही वेल्डरकडून करून घेतली. विटा, सिमेंट, पाइप, मजुरी धरून साडेचार हजार गेले, पदरचे. या कट्ट्याशिवाय ती गिरणी माझ्यासाठी पंख्याइतकीच उपयोगाची होती.

मी समाजकल्याण विभागात चौकशी केली, कट्ट्याला काही मिळेल का. क्लार्क चांगले होते. म्हणाले, ‘मॅडम, हे बांधकाम झालं. आपली योजना साहित्याची.’ कायदा सरकारी आस्थापनेला सांगतो की दिव्यांग कर्मचाऱ्याच्या गरजेप्रमाणे जागेत, साहित्यात बदल करून द्या. पण माझी आस्थापना म्हणजे माझी ओसरी आणि मालकही मीच. मागायचं कोणाकडे? सरकारचा सगळा भर आम्ही स्वतःच्या पायावर उभं राहण्यावर आहे, पाय कसला आहे ते मात्र योजनेच्या अर्जात एकदा टक्केवारीत लिहिलं की संपलं.

दुसरी भीती पगाराची. संजय गांधी निराधार योजनेच्या पैशांना गावात पगारच म्हणतात. महिन्याचे ते पैसे थोडे असले तरी येतात, तेही न दळता. त्यासाठी दिव्यांगाच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50 हजारांच्या आत असल्याचा तहसीलचा दाखला लागतो. आता गिरणी चालली तर दाखला कसा मिळायचा? आई गिरणी सुरू झाल्या दिवसापासून शेजारणींना सांगत होती, ‘काही चालत नाही बाई, नुसता आवाज आहे.’ तिचं बरोबर होतं. धंदा पडला तर परत कोण देणार तो पगार? आणि बँकेत गेलं की उलटं. तिथं कमाई दाखवावी लागते. एका पिशवीत गरिबीचा दाखला आणि दुसऱ्या पिशवीत कमाईचा कागद, कोणत्या ऑफिसात कोणती पिशवी काढायची हे कळलं की माणूस योजनेत तरबेज झाला.

आमच्या स्टँडवर अण्णा बसायचे, तेही पोलिओचेच. त्यांना एसटीडीचं बूथ मिळालं होतं. अशी बूथ दिव्यांगांना द्यायचं धोरणच होतं तेव्हा. पिवळी पाटी, काचेची खोली, आकडे पळवणारं मीटर. रात्री दर कमी झाले की मुंबईला माथाडीत असलेल्यांच्या घरची माणसं रांगेत उभी असायची. अण्णांनी त्याच्या जोरावर दोन बहिणींची लग्नं केली. मग हातोहाती मोबाइल आले. बूथ दिलं तेव्हा सरकारी माणूस फीत कापायला आला होता, बंद पडलं तेव्हा कोणी विचारलं नाही. अण्णांनी रिचार्ज विकलं, मग लॅमिनेशन, मग लॉटरी. योजना वस्तू देते आणि लाभार्थ्यांच्या आकड्यात एकची भर घालते. तीन वर्षांनी तो माणूस त्याच वस्तूवर पोट भरतोय का, हे पाहायला मी कुणाला आलेलं पाहिलेलं नाही. गिरणीचा फोटो मागितला होता, तो एकदाच.

अनुदानाला नावं ठेवणं सोपं आहे, आणि मी ठेवतेच. तरी गिरणी नसती तर मी आज कुणाच्या तरी शेंगा फोडत बसले असते, किलोवर. सकाळी नऊपर्यंत माझ्याकडे चार-पाच डबे येतात. अधिक महिन्यात, पाहुणे आले की जास्त. वीज असेल तर.

आता मला मिरची कांडपाचं यंत्र घ्यायचंय. मसाल्याला दळणापेक्षा पैसे बरे सुटतात. जिल्हा परिषदेकडेच बीजभांडवलाची योजना आहे, दीड लाखापर्यंतच्या धंद्याला 20 टक्के अनुदान, तेही जास्तीत जास्त 30 हजार, बाकी बँकेचं कर्ज. केंद्राच्या रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात दिव्यांगाला अनुदान 35 टक्के, स्वतःचे 5 टक्के पुरतात. अनुदान मात्र तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकून राहतं, धंदा चालू आहे हे दिसल्यावरच कर्जात वळतं. याबद्दल माझी तक्रार नाही. उलट, निदान तीन वर्षांनी कोणीतरी पाहायला येईल. अडलंय ते शाखेत. मॅनेजरसाहेब म्हणाले, दोन जामीनदार आणा, एक सरकारी नोकर. अशा छोट्या कर्जाला तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, हे मी छापील कागदासकट दाखवलं. त्यांनी कागद वाचला, परत दिला आणि म्हणाले, ‘तारण कुठं मागतोय, जामीनदार मागतोय.’

मधल्या काळात ग्रामसभेत विषय मांडला. ग्रामपंचायतीलाही दिव्यांगांसाठी 5 टक्के खर्च करावे लागतात. आमच्याकडे ते मार्चमध्ये सगळ्यांच्या खात्यात थोडे थोडे टाकून संपवतात, कोणाचं काही भागत नाही आणि कोणी नाराजही होत नाही. मी म्हटलं, यंदा ते वाटू नका. ज्याच्याकडे मशीन आहे पण चालत नाही, त्याला त्यातून मीटरची अनामत भरा, रॅम्प करा, कट्टा घाला. अण्णांनी हात वर केला, आणखी दोघांनी केला. बाकीच्यांना खात्यातले पैसेच हवे होते, आणि त्यांचंही चूक म्हणवत नाही. ग्रामसेवकांनी ठराव लिहून घेतला आणि सांगितलं, कट्ट्याचं एस्टिमेट इंजिनिअरच्या सहीचं लागेल. इंजिनिअर गुरुवारी तालुक्याला असतात. गवंडीकाकांना घेऊन मी या गुरुवारी जाणार आहे.