सरळ रेषेवरचे गृहस्थ

हे सहसंबंध गुणांक. दोन मापं एकमेकांशी किती जुळतात, ते एका आकड्यात सांगणारे. घरचं नाव 'आर'. मुक्काम कायम उणे एक ते अधिक एकच्या दरम्यान. १८८८ साली लंडनमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी त्यांना लोकांपुढे आणलं. पुढे कार्ल पिअर्सन यांनी त्यांना आजचं सूत्र दिलं.

माणूस निःपक्षपाती. उंची इंचांत सांगा की सेंटिमीटरमध्ये, त्यांचं उत्तर बदलत नाही.

पण मोठं दिसायची हौस भारी! गाल्टनच्या मापांत माणसाची उंची आणि कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतची लांबी यांच्यात ०.८ आला. ऐकणाऱ्याला वाटतं, ऐंशी टक्के उलगडा झाला. अशा वेळी त्यांचा वर्ग करून पाहावा. तो येतो ०.६४. म्हणजे उंचीतल्या चढउतारांपैकी ६४ टक्के हाताच्या लांबीशी जुळतात, ३६ टक्के मोकळेच राहतात. डोक्याची लांबी आणि उंची यांच्यातला ०.३५ तर वर्गानंतर जेमतेम १२ टक्क्यांवर उतरतो. अंदाज बांधायला बसलात तर ते आणखी हात आखडतात: ०.८ असूनही चुकीचा पल्ला ४० टक्क्यांनीच कमी होतो, आणि ०.५ असेल तर १३ टक्क्यांनी.

कारण मात्र त्यांना विचारू नये. हात लांब म्हणून माणूस उंच झाला, असं ते कधीच म्हणाले नाहीत. ते आपण त्यांच्या तोंडी घालतो.

तब्येत नाजूक आहे. फक्त उंच माणसं निवडून मोजलीत, तर त्याच दोन मापांमधला आकडा घसरतो. नजरही एकाच रेषेची: दोन गोष्टींचं नातं यू अक्षरासारखं वळलेलं असेल, तर ते नातं कितीही पक्कं असो, हे खुशाल शून्य सांगतील.

एकटा बिंदूही त्यांना फितवतो. १९७३ मध्ये फ्रान्सिस अँस्कोम यांनी आकड्यांचे चार संच मांडले. चारही ठिकाणी आर सुमारे ०.८२. पहिला संच साधा विखुरलेला, दुसरा वक्र, तिसऱ्यात सरळ रेषेबाहेर पडलेला एक बिंदू. चौथ्यात सगळा डोलारा एका बिंदूवर उभा: तो पुसला, तर आर काढताच येत नाही.

मी त्यांना मानतो, म्हणूनच सांगतो: त्यांच्याकडे जाताना बिंदूंचा आलेख आधी काढा.