‘यांचं असंच’ म्हणजे नेमकं कसं?

वयाच्या चौतिसाव्या वर्षी मला एडीएचडीचं निदान झालं. दिवसा मी वस्तीत सामाजिक काम करतो, रात्री भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवतो. हे सांगितलं की चळवळीतून दोन उत्तरं हमखास येतात. "हे श्रीमंतांचे चोचले," किंवा "कलावंत असेच असतात." मला दोन्ही मान्य नाहीत.

एडीएचडी चौतिशीत उगवत नाही. निकषच असा आहे की काही लक्षणं बाराव्या वर्षाआधी दिसलेली हवीत. माझी पहिलीपासून दिसत होती. पण बाकावर ठेका धरणारं पोर वरच्या जातीतलं असलं, तर शाळा पालकांना बोलावते. आपलं असलं तर मागे बसवते आणि म्हणते, "यांचं असंच." या ‘यांचं’मध्ये जात आहे. एम.ए.ला लेबलिंगचा सिद्धान्त शिकताना हॉवर्ड बेकर वाचला. तो स्वतः जॅझ पियानो वाजवायचा आणि १९६३च्या ‘आउटसायडर्स’मध्ये त्यानं वादकांवरही लिहिलंय. शिक्का आधी बसतो, माणूस नंतर दिसतो, हे मला तिथं शब्दांत सापडलं.

वाजवताना माझं लक्ष हलत नाही. अडचण असते ती वाजवण्याच्या आजूबाजूला: सुपारीची तारीख, निघायची वेळ, बिदागीचा हिशोब. एप्रिलमध्ये एका रात्री दोन-दोन कार्यक्रम असतात. म्हणून पार्टीनं नियम केले. सुपारी ठरली की लगेच ग्रुपवर लिहायची. मला कार्यक्रमाची वेळ न सांगता गाडी सुटायची वेळ सांगायची. गाण्यांचा क्रम जाड अक्षरांत ढोलकीशेजारी ठेवायचा. आता बाकीचेही तोच कागद बघतात!

गोळी चालू आहे. नियंत्रित औषध आहे, चिठ्ठीशिवाय मिळत नाही, त्यासाठी शहर गाठावं लागतं. "गोळ्या सोड, विपश्यना कर," असं आपलेच बांधव सांगतात. ध्यान मीही करतो. पण भिक्खूच्या चार गरजांत चीवर, भोजन, निवाऱ्यासोबत औषधही आहे, हे विसरू नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३पासून आहे आणि त्याच्या तपासणी यादीत एडीएचडीसुद्धा आहे. जयंती मंडळांच्या कार्यकर्त्यांनो, आपल्या वस्तीतल्या शाळेत हे पथक शेवटचं कधी आलं होतं, ते मुख्याध्यापकांना विचारा. मागच्या बाकावरची पोरं त्यांना दाखवली का, तेही विचारा.

जय भीम.