सासण गीरहून गिरनारकडे

बार्शीच्या आडत पेठेतील एक कुटुंब डिसेंबरच्या सुट्टीत आपल्या मोटारीने सौराष्ट्राच्या यात्रेस निघाले. चौऱ्याहत्तर वर्षांचे आजोबा, आजी, मुलगा, सून आणि दहा वर्षांचा नातू. डब्यांत ठेपले, खाकरे आणि दशम्या. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे म्हणून रोज पाचच्या आत मुक्काम गाठायचा, एवढाच प्रवासाचा नियम. नातवाला सिंह पाहायचा होता, आजींना नेमिनाथ प्रभूंचे दर्शन हवे होते. सासण वगळून थेट जुनागडला जाऊ, असे आजोबांनी दोनदा सुचवून पाहिले. कारण मात्र सांगितले नाही.

दुपारची सफारी संपता संपता सूर्य मावळतो, म्हणून सासणला सकाळची फेरी घेतली. उघड्या जीपमध्ये थंडी झोंबत होती. गीरचे जंगल घनदाट नाही. सागाची वाळकी पाने, काटेरी झुडुपे आणि सिंहाच्याच रंगाचे पिवळे गवत. दहा हातांवरचे जनावरही दिसू नये अशी ही रंगसंगती. १९६५ साली हे अभयारण्य झाले, १९७५ साली त्याचा गाभा राष्ट्रीय उद्यान ठरला. आशियाई सिंह रानात मोकळा उरला आहे तो याच मुलखात. २०२५ च्या गणनेत त्यांची संख्या ८९१ भरली आणि त्यांतील कितीतरी आता उद्यानाच्या हद्दीबाहेर, शेतशिवारांतही वावरतात.

वाटेच्या कडेला एक सिंहीण दोन बछड्यांसह पहुडली होती. तिने जीपकडे पाहिलेदेखील नाही. पुढे मालधारी गुराख्यांची वस्ती लागली. तिला तिकडे ‘नेस’ म्हणतात. काट्यांच्या कुंपणात म्हशी उभ्या होत्या. सिंह कधी कधी यांतली एखादी नेतो, असे वाटाड्याने सांगताच नातवाने विचारले, “आजी, मग सिंहाला पाप लागतं का?” आजी म्हणाल्या, “त्याला दुसरं काही खाता येत नाही, बाळा. आपल्याला येतं.” पाठशाळेत यावर तासभर विवेचन झाले असते; आजींचे उत्तर त्याहून सरस होते. आजोबा म्हशींकडे पाहत गप्प बसले होते.

सासणहून जुनागड सुमारे साठ किलोमीटर. गावातून गिरनारच्या तळेटीकडे जाताना रस्त्यालगत एका छताखाली मोठा थोरला खडक आहे. त्यावर सम्राट अशोकाने सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी चौदा धर्मलेख कोरवले. त्याच खडकावर रुद्रदामन आणि स्कंदगुप्त यांच्या काळचे लेखही आहेत. पण यात्रेकरूने थांबावे ते अशोकाच्या पहिल्या लेखासाठी. पूर्वी राजाच्या मुदपाकखान्यासाठी रोज लक्षावधी प्राणी मारले जात. आता तीनच मारले जातात, दोन मोर आणि एक हरीण, हरीणही नेहमी नाही. आणि पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, असा त्याचा आशय. मुलाने तो नातवाला समजावून दिला. आजोबा म्हणाले, “शून्य लिहिलं असतं तर कोण तपासायला येणार होतं? पण बाकी होती, ती त्यानं बाकी म्हणून लिहिली.” खातेवहीवर आयुष्य गेलेल्या माणसाला हा लेख असा कळला.

दुसऱ्या दिवशी आजी आणि सून २०२० साली सुरू झालेल्या रोपवेने निघाल्या. तो अंबाजीच्या शिखरापर्यंत जातो. तेथून पायऱ्या उतरून जैन मंदिरांकडे यावे लागते. तळेटीला डोलीवाले बसले होते. आजोबांनी डोलीला आणि रोपवेला दोहोंनाही नकार दिला. मुलगा आणि नातू यांच्यासह ते पहाटे पायऱ्या चढू लागले. नेमिनाथांच्या मंदिरापर्यंत सुमारे चार हजार पायऱ्या आहेत. त्यांना साडेपाच तास लागले.

बाराव्या शतकात सिद्धराज जयसिंहाच्या काळी दंडनायक सज्जनाने उभारलेले ते मंदिर, प्रशस्त चौक, भोवती देवकुलिकांच्या ओळी आणि गाभाऱ्यात नेमिनाथांची श्यामवर्ण मूर्ती. शेजारी वस्तुपाल मंत्र्याने तेराव्या शतकात बांधवलेले मंदिर. दर्शन झाल्यावर सारे चौकात टेकले. आजी नातवाला कथा सांगू लागल्या: राजुलमतीशी विवाह करायला निघालेली वरात, कुंपणात कोंडलेल्या पशूंचा आक्रोश, पाहुण्यांच्या भोजनासाठी ते आणले आहेत हे सारथ्याचे उत्तर, आणि तेथूनच माघारी वळवलेला रथ.

तेव्हा आजोबा बोलू लागले. वयाच्या बाविसाव्या वर्षी ते शेंगतेलाच्या खरेदीसाठी जुनागडला आले होते. पाहुणचार म्हणून एका दलालाने त्यांना सासणला सिंह दाखवायला नेले. त्या काळी प्रेक्षकांना सिंह हमखास दिसावा म्हणून आमिष बांधण्याची प्रथा होती. ती पुढे बंद झाली. त्या दिवशी एक रेडकू बांधले होते.

“ते ओरडत होतं?” नातवाने विचारले.

“हो.”

“तुम्ही सांगितलं नाही का, सोडा म्हणून?”

“नाही. दलालाला वाईट वाटलं असतं, आणि सौदा व्हायचा होता.” थोड्या वेळाने ते म्हणाले, “सौदा चांगला झाला.”

आजींनी पन्नास वर्षांच्या संसारात हे प्रथमच ऐकले. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी उपरण्याच्या टोकाने आजोबांच्या कपाळावरचा घाम टिपला. आजोबा उठून पुन्हा गाभाऱ्यासमोर गेले आणि बराच वेळ हात जोडून उभे राहिले. नातू त्यांच्यामागून गेला आणि त्यांच्या शेजारी उभा राहिला.

उतरताना आजोबांचे गुडघे बोलू लागले. नातू प्रत्येक वळणावर थांबून त्यांना हात देत होता. तळेटीच्या भोजनशाळेत पोहोचले तेव्हा सूर्यास्ताला वीस मिनिटे उरली होती आणि आजींनी पाने वाढून घेतली होती.